पत्ता लिहिलेला फुगा

शेतीपंपाची वीज रात्रीची असली की लोहारा तालुक्यातला माणूस बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघतो. एक सरी भरली की पाणी दुसरीकडे वळवायचं आणि मधल्या वेळात बांधावर बसून वर बघायचं. चांदण्यांचं तिकांडं किती चढलं, बाजलं कुठे कललं, यावरून पहाट किती लांब आहे ते सांगणारी माणसं आता थोडी उरली. घड्याळ मोबाइलमध्ये आलं. वर बघायची सवय मात्र मोडलेली नाही. आभाळात काही नवीन आलं तर ते बहुधा उसाला पाणी देणाऱ्यालाच आधी दिसतं.

हिवाळ्यात असं काही दिसण्याची आमच्याकडे ठरलेली शक्यता असते. झुंजुमुंजु झालेलं असतं, सूर्य उगवायला अजून वीसेक मिनिटं असतात, रानात माणूस नीट ओळखू येत नाही, आणि वर एक पांढरी चकती लख्ख उजळलेली असते. तिला आवाज नाही. ती चांदणीसारखी लुकलुकत नाही. तासाभराने बघावं तर सरकलेली, आणि सूर्य वर आला की फिकी पडत दिसेनाशी.

तो हैदराबादचा फुगा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र 1969पासून हैदराबादेत आहे. होमी भाभांना विश्वकिरणांचा अभ्यास करायचा होता, त्यासाठी उपकरणं हवेच्या वरच्या थरात न्यायला हवी होती, तिथून ही परंपरा सुरू झाली. पातळ पॉलिथिनचा, हायड्रोजन भरलेला, 50 ते 85 मीटर व्यासाचा हा फुगा 30 ते 42 किलोमीटर उंचीवर जातो. तेवढ्या उंचीवर सूर्य आपल्याआधी सुमारे पंचवीस मिनिटं उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो, म्हणून खाली अंधुक असताना वर तो पेटल्यासारखा दिसतो. नेमका डोक्यावर असला तर चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शापर्यंत त्याचा आकार भरतो, म्हणजे साध्या डोळ्यालाही तो ठिपका न वाटता चकती वाटते. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात. ती हैदराबादपासून 200 ते 350 किलोमीटरवर, विशाखापट्टणम ते सोलापूर या रेषेच्या आसपास कुठेही उतरू शकतात. लोहारा हवाई अंतराने हैदराबादपासून अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे आपण बरोबर पट्ट्यात.

यातलं काहीही मला कुणा गुप्तहेराकडून कळलेलं नाही. उड्डाणांच्या हंगामाआधी ही संस्था जाहीर सूचना काढते. फुगे किती, कोणत्या महिन्यांत, किती उंच, कोणत्या जिल्ह्यांत काय पडू शकतं, हे त्यात असतं. जिल्ह्यांच्या यादीत सोलापूर, लातूर, नांदेड या शेजाऱ्यांबरोबर आपलाही जिल्हा असतो. पेटीला हात लावू नका, काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर आहे, तिथे कळवा. कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्च मिळेल. छेडछाड केली असेल तर बक्षीस नाही. भाषा सरकारी, रूक्ष. जिथे ही सूचना छापून येते तिथे शेजारी सोयाबीनच्या भावाची बातमी असते आणि लोक ती आधी वाचतात.

तरीही हा कागद मला फार मोलाचा वाटतो. का, ते सांगायला केंटकीला जावं लागेल.

7 जानेवारी 1948. अमेरिकेच्या केंटकी राज्यात दुपारी लोकांनी पोलिसांना कळवायला सुरुवात केली, की आभाळात काहीतरी गोल, मोठं, चमकतं आहे. फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन विमानतळाच्या मनोऱ्यावरून ते सैनिकांनाही दिसलं. दुर्बिणीतून बघितलं, वरिष्ठांना बोलावलं, कर्नलनेही बघितलं, पण कुणालाच ओळख पटेना. त्याच वेळी चार मस्टँग विमानं तिथून चालली होती. त्यांचा म्होरक्या कॅप्टन थॉमस मँटेल, वय 25, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला. त्याला जाऊन बघायला सांगितलं. एका विमानाचं इंधन कमी होतं, ते पुढे गेलं. दोघे थोडे वर चढून परतले. मँटेल चढत राहिला. त्याच्याकडे ऑक्सिजन नव्हता आणि 22 हजार फुटांच्या वर ऑक्सिजनशिवाय शुद्ध फार वेळ टिकत नाही. विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळलं. मनगटावरचं घड्याळ 3 वाजून 18 मिनिटांनी थांबलेलं होतं.

त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी, जून 1947मध्ये, केनेथ अरनॉल्ड नावाच्या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू उडताना पाहिल्याचं सांगितलं होतं. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे खात जाते, तशी त्यांची चाल, असं तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी चालीची उपमा आकाराला चिकटवली आणि ‘उडती तबकडी’ जन्माला आली. तेव्हापासून लोकांना दिसू लागल्या त्या तबकड्याच. बातमीदाराची चूक लोकांच्या डोळ्यांत उतरते ती अशी. असो. अमेरिकी हवाई दलाने 1948च्या सुरुवातीलाच ‘प्रोजेक्ट साइन’ नावाने चौकशी सुरू केली आणि मँटेलचा मृत्यू तिच्यापुढे आला.

चौकशीचं पहिलं उत्तर होतं: शुक्र. मँटेल शुक्राच्या मागे लागला. नंतर हिशेब मांडला तेव्हा शुक्र आकाशाच्या त्याच बाजूला होता हे खरं निघालं, पण भरदुपारी, त्या धुरकट हवेत, एवढ्या लोकांना चटकन दिसावा एवढी त्याची चमक नव्हती. मग शुक्र किंवा फुगा, किंवा दोन्ही, अशी सारवासारव झाली. 1952मध्ये कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनी प्रकरण पुन्हा उघडलं. हवाई दलाच्या या चौकशीचं नाव तेव्हा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ झालं होतं. रुपेल्ट ‘स्कायहूक’पर्यंत पोचले. अमेरिकी नौदलाचा हा कार्यक्रम होता, पॉलिथिनचे प्रचंड फुगे तीसेक किलोमीटरपर्यंत चढवण्याचा. पहिला फुगा सप्टेंबर 1947मध्ये उडाला होता आणि तो बनवणारी जनरल मिल्स ही कंपनी पीठ आणि न्याहारीचे पदार्थ विकण्याबद्दल प्रसिद्ध होती. मँटेलच्या विमानाची कमाल उंची 13 किलोमीटरच्या आसपास. तो शुद्धीवर राहिला असता तरी फुगा त्याच्या हाती लागणार नव्हता. त्या दिवशीच्या नेमक्या फुग्याची नोंद रुपेल्टना सापडली नाही. तरी आजवरचं सर्वांत पटणारं उत्तर हेच आहे.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! नौदलाचा फुगा आणि हवाई दलाचा वैमानिक, दोघे एकाच सरकारचे पगारी. फुग्याच्या कार्यक्रमाची माहिती गोपनीय होती, म्हणून मनोऱ्यावरच्या कर्नललाही ती नव्हती. आमच्या शिवारात कुणी नवखा माणूस दिसला की पहिला प्रश्न असतो, कुण्या गावचे? पाहुणे कुणाकडं आलात? ‘अनोळखी’ हा काही त्या माणसाच्या अंगचा गुण नसतो, आपल्याला तो माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. तो दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीचा असतोच. आभाळातल्या अनोळखी वस्तूचंही तसंच आहे. केंटकीतल्या त्या वस्तूला गाव होतं, धनी होता. विचारायचं कुणाला हे मँटेलला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना बोलायची मुभा नव्हती.

इथे कुणी म्हणेल की लष्कराला गुपितं ठेवावीच लागतात. ठेवावीत. त्यावर माझा आक्षेप नाही. देशाचं संरक्षण करणाऱ्याने सगळं चव्हाट्यावर मांडायचं ठरवलं तर झालंच कल्याण. पण न सांगणं आणि चुकीचं सांगणं यांत फरक आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यातल्या त्या चौकश्यांचा सगळा इतिहास हा फरक पुसण्याचा इतिहास आहे.

जुलै 1947मध्ये न्यू मेक्सिकोत रॉसवेलजवळ कचरा सापडला. लष्कराच्या तळाने आधी ‘उडती तबकडी मिळाली’ असं जाहीर केलं आणि लगेच सांगितलं की छे, तो हवामानाचा फुगा. 1994मध्ये हवाई दलाने मान्य केलं की तो ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पाचा पसारा असावा. सोव्हिएत अणुचाचणीचा आवाज वरच्या हवेत टिपण्यासाठी सोडलेल्या फुग्यांची ती माळ. फुगा हे उत्तर बरोबर होतं, हवामान खोटं होतं. 47 वर्षांनी खरं सांगितलं तेव्हा विश्वास ठेवायला कोण बसलं होतं? रॉसवेलवर सिनेमे निघाले होते, संग्रहालय उभं होतं आणि परग्रहावरची प्रेतं लोकांच्या मनात केव्हाच पुरली गेली होती.

त्याहून वाईट प्रकार पुढचा. 1955पासून अमेरिकेची यू-2 ही हेरगिरीची विमानं 60 हजार फुटांच्या वर उडू लागली. तेव्हा प्रवासी विमानं त्याच्या निम्म्याहून खाली असत. संध्याकाळी खाली अंधार आणि वर रुपेरी पंखांवर ऊन, म्हणजे आमच्या फुग्याचीच गोष्ट. लोकांची पत्रं हवाई दलाकडे येऊ लागली. सीआयएने स्वतःच लिहवून घेतलेल्या इतिहासात म्हटलं आहे, की ब्लू बुकचे लोक या तक्रारी यू-2च्या उड्डाणांशी ताडून बघत, जुळलं की त्यांना कारण कळे, पण पत्र लिहिणाऱ्याला ते सांगता येत नसे. पन्नाशीच्या अखेरीच्या आणि साठच्या दशकाच्या बऱ्याच काळातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ ही आणि यांच्यामागून आलेली हेरविमानं होती, असाही त्यात दावा आहे. ‘निम्म्याहून अधिक’ हे मला जरा सढळ वाटतं. हेरखात्याला आपलं यश मोजताना मापात कसर ठेवायची सवय नसते. पण ताडून बघण्याची पद्धत होती, यावर शंका घ्यायचं कारण नाही. म्हणजे तपास करणाऱ्याच्या खिशात उत्तर आहे, तो समोरच्याला सांगतोय की तुम्हाला भास झाला, आणि समोरच्याने जे पाहिलं ते अगदी खरं आहे. साक्षीदार खरा आणि न्यायाधीश खोटा, असं हे न्यायालय.

1953मध्ये हवाई दलाने आपल्या अधिकाऱ्यांसाठी नियम काढला, की ज्या प्रकरणांचा उलगडा झाला आहे त्यांच्याबद्दलच वर्तमानपत्रांशी बोलावं. न सुटलेली प्रकरणं बाहेर काढायची नाहीत. त्याच वर्षी सीआयएने बोलावलेल्या शास्त्रज्ञांच्या एका समितीने सुचवलं होतं की लोकांचा या विषयातला रस कमी करावा. परिणाम उलटा झाला, हे सांगायला समिती नको. 1969च्या डिसेंबरात ब्लू बुक बंद झालं तेव्हा हिशेब होता 12,618 नोंदी आणि त्यांपैकी 701 न उलगडलेल्या. शंभरात पाच-सहा. कुठल्याही पोलीस ठाण्याला हेवा वाटावा असा निकाल. पण लोकांनी त्या 701ला उराशी धरलं आणि बाकीचे जवळपास 12 हजार खुलासे वाऱ्यावर सोडले, कारण खुलासा कोण करतंय ते त्यांना ठाऊक झालं होतं.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द गणवेशातल्या माणसाला जड जातात. आभाळाची राखण त्याच्याकडे असते, आणि आपल्या हद्दीत काय फिरतंय ते ठाऊक नाही असं राखणदाराने कबूल केलं तर मालक म्हणणार, मग तू करतोस काय? म्हणून तो काहीतरी सांगतो. शुक्र सांगतो.

शुक्राची मात्र यात नाहक बदनामी झाली, कारण कधी कधी तो खरंच असतो. 2012च्या उत्तरार्धात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांना क्षितिजावर पिवळसर गोळे दिसू लागले. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय आला. रडारला काही लागेना. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात 329 नोंदी झाल्या आणि त्यांपैकी 155 वेळा ‘वस्तूने’ प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचं नमूद झालं. अखेर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारणा झाली. खगोलशास्त्रज्ञांनी त्या ठिकाणावरून वस्तूंची दिशा, उंची आणि रोजची सरक मोजली, ताऱ्यांशी ताडली आणि सांगितलं: हे गुरू आणि शुक्र. बातमी बाहेर आली तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. चार हजार मीटरहून उंच ठिकाणी, विरळ हवेत, तणावाच्या सीमेवर पहारा देणाऱ्या माणसाला शुक्र ड्रोन वाटला, तर त्याने तो लिहून ठेवायचाच असतो. त्याने 329 वेळा प्रामाणिकपणे लिहिलं. आणि त्याच्या वरच्यांनी, उशिरा का होईना, प्रश्न अशांकडे नेला ज्यांना उत्तर लपवण्यात काडीचा रस नव्हता. केंटकीतही उत्तर शुक्र, लडाखमध्येही शुक्र. एक शुक्र प्रश्न झाकायला वर टांगलेला, दुसरा मोजून काढलेला.

आकाश फसवं असतं, हे यातल्या कुणाच्याही मूर्खपणाचं लक्षण नाही. रानात माणूस लांबून येत असला तर मध्ये बाभळ असते, विहीर असते, विजेचा खांब असतो. अंतर डोळ्याला आपोआप कळतं. आभाळात खांब नाहीत. अंतर कळत नाही म्हणून आकार कळत नाही, आकार कळत नाही म्हणून वेगही कळत नाही. ‘प्रचंड मोठं’, ‘अगदी जवळ’, ‘विजेसारखं गेलं’ हे तिन्ही अंदाज एकमेकांच्या आधारावर उभे असतात आणि तिघांच्याही पायाखाली काही नसतं. मँटेलला ते आटोक्यातलं वाटलं, म्हणून तो चढत गेला.

आमच्या तालुक्याला हा प्रश्न आभाळापेक्षा जमिनीच्या बाजूने जास्त ठाऊक आहे. 1992च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या आसपास धक्के बसले, जमिनीतून आवाज आले. पुढच्या वर्षी 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 3 वाजून 56 मिनिटांनी काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. सास्तूरच्या परिसरात त्या भूकंपात ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांच्या घरी आजही कुठून तरी ‘गूढ आवाज’ झाला की आधी माणूस अंगणात येतो आणि मग विचार करतो. आवाज भूकंपाचा असेल, खाणीतल्या सुरुंगाचा असेल, विमानाचा असेल. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगितलं तर दहा मिनिटांत माणसं पुन्हा झोपतील. न सांगितलं तर रात्र अंगणात जाते आणि सकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर तीन वेगवेगळे भूकंप येऊन गेलेले असतात. 20 मे 2020ला बेंगळुरूत दुपारी मोठा स्फोटासारखा आवाज झाला, शहर हादरलं. त्याच दिवशी संरक्षण खात्याने सांगितलं, की हवाई दलाचं चाचणी उड्डाण होतं, विमान शहराबाहेर होतं, त्याचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी होताना हा आवाज झाला असावा. त्यात कुठलं गुपित फुटलं? विमानाने काय तपासलं ते कुणी विचारलं नाही. लोकांना आवाजाचं गाव हवं होतं, ते मिळालं.

गाव न सांगणारी वस्तू आपल्या राज्यातही पडली आहे. 2 एप्रिल 2022च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या ज्वाळांची रांग पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन आदळलं. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, सगळे तर्क झाले. खगोल अभ्यासकांनी कक्षांच्या जाहीर नोंदी बघून काही तासांतच अंदाज बांधला, की चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा. इस्रोची माणसं येऊन अवशेष घेऊन गेली. हे रॉकेट कुणाच्या डोक्यावर पडणार ते सोडणाऱ्याने सांगितलं नव्हतं, पण कक्षांच्या नोंदी उघड्या होत्या म्हणून रहस्य एक रात्रसुद्धा टिकलं नाही. 1948मध्ये ही सोय नव्हती. असती तरी स्कायहूक त्यात लिहिला गेला असता का, याची मला शंका आहे.

परग्रहावरच्या पाहुण्यांचं काय, असं विचारणारे वाचक असतील. त्यांना एवढंच सांगतो की पृथ्वीबाहेरच्या जिवांचा गांभीर्याने शोध घ्यायला निघालेली एक वस्तू हैदराबादहूनच उडाली होती आणि ती फुगाच होती. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 2001मध्ये आणि पुन्हा 20 एप्रिल 2005ला फुग्याबरोबर निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या वर पाठवल्या गेल्या. 41 किलोमीटरपर्यंतची हवा त्यांत बंद करून आणली. दुसऱ्या खेपेला तीन नवे जिवाणू सापडले. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं नाव मिळालं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. ते पृथ्वीबाहेरून आले का? इस्रोने 2009मध्ये निष्कर्ष जाहीर केला तेव्हा स्पष्ट म्हटलं, की यातून तसं निर्णायकपणे सिद्ध होत नाही. नारळीकरांचं मन कोणत्या उत्तराकडे झुकत होतं ते जगाला ठाऊक होतं. तरी कागदावर ‘सिद्ध होत नाही’ हेच आलं. ब्लू बुकच्या 12,618 फायलींत ज्या वाक्याची चणचण होती, ते हे वाक्य.

म्हणून त्या रूक्ष सूचनेचं मला मोल आहे. ती जिल्ह्यातल्या माणसाला अडाणी धरत नाही. तुम्हाला भास होईल, घाबरू नका, अफवा पसरवू नका, असलं काही त्यात नसतं. तुम्ही बघाल, तुम्हाला सापडेल, पेटी आमची आहे, कळवा, इतकंच. संशोधकांचं लाखमोलाचं यंत्र तुरीच्या रानात पडणार आणि ते जपणार कोण, तर बांधावरचा माणूस, हे गृहीत धरून ती लिहिलेली आहे. अणुबॉम्ब असलेल्या अमेरिकेने 1948मध्ये आपल्याच कॅप्टनला जेवढं सांगितलं नाही, तेवढं लोहाऱ्यातल्या शेतकऱ्याला दर हिवाळ्यात सांगितलं जातं, तेही छापून.

उद्या माकणीच्या धरणाखाली कुणाच्या रानात लाल-पांढरं पॅराशूट तुरीवर पसरलेलं दिसलं, तर पोरं गोळा होतील, कुणी व्हिडिओ काढेल, कुणी म्हणेल ड्रोन आहे, कुणी म्हणेल पाकिस्तानचं आहे. मग एखादी म्हातारी लांबूनच विचारेल, कुण्या गावचं हाय रं ते? आणि शाळेत जाणारं एखादं पोरगं वाकून पेटीवरचं वाचेल आणि ओरडून सांगेल, आज्जे, हैदराबादचं.